निवाडा कोणाच्या जागेवरून? देवाचे पाचारण आणि शेजाऱ्यावरील प्रीती यांविषयी एक संवाद

ख्रिस्ती नीतिविचार ज्या दोन आज्ञांवर उभा आहे, त्या दोन्ही येशूच्या कितीतरी आधीपासून यहुदी नियमशास्त्रात होत्या. देवावर संपूर्ण मनाने प्रीती करण्याची आज्ञा अनुवादाच्या सहाव्या अध्यायात येते, तर शेजाऱ्यावर स्वतःइतकीच प्रीती करण्याची आज्ञा लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात, शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी राखावे आणि मजुराची मजुरी रात्रभर अडवून ठेवू नये अशा रोजच्या व्यवहाराच्या नियमांमध्ये येते. येशूने या दोन आज्ञा शेजारी शेजारी ठेवल्या आणि बाकीचे सारे नियमशास्त्र त्यांवर अवलंबून असल्याचे सांगितले, असे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या बाविसाव्या अध्यायावरून दिसते. सिद्धान्त म्हणून हे निःसंदिग्ध आहे. परंतु आयुष्यात असे प्रसंग येतात की देवाच्या आज्ञेला होकार देणारा माणूस आपल्याच माणसांपासून तुटतो, किंवा माणसांच्या गरजेमागे धावणाऱ्याला देवाचे नाव घेण्याचीही आवश्यकता वाटेनाशी होते, आणि मग या दोन आज्ञांचे परस्परांशी नाते काय, हा प्रश्न टाळता येत नाही.

या चर्चेत दोन संज्ञा वारंवार येतात. ‘पाचारण’ म्हणजे देवाने एखाद्या व्यक्तीला विशिष्ट कामासाठी बोलावणे. मंडळीत, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती समुदायात, हा शब्द पुष्कळदा पाळकपणाच्या दीक्षेपुरता वापरला जातो, पण पवित्र शास्त्रात मेंढपाळ, कोळी, जकातदार अशा कोणालाही पाचारण होते. ‘शेजारी’ या शब्दाचा लेवीयातील पहिला अर्थ स्वजातीय असा असला, तरी त्याच अध्यायात पुढे देशात राहणाऱ्या परक्यावरही तशीच प्रीती करावी असे सांगितलेले आहे, आणि लूकाच्या दहाव्या अध्यायातील शोमरोन्याच्या दाखल्यात तर ही कुंपणे पूर्णपणे मोडून पडतात.

पुढील संवादातील दोन्ही व्यक्ती कल्पित आहेत. पाळक अहमदनगरमधील, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधील, एका जुन्या मंडळीचे आहेत; याच शहरात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले. दुसऱ्या व्यक्ती मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या मेट्रनबाई आहेत. पाळकांच्या मते पाचारण आधी येते आणि प्रीती हे त्याचे फळ असते. मेट्रनबाईंच्या मते माणसाची गरज हेच पाचारण असून त्यापलीकडची हाक शोधत बसणे ही पळवाट ठरू शकते. आपले म्हणणे दोघेही महाराष्ट्राच्या ख्रिस्ती इतिहासातील दोन जीवनांवर, पंडिता रमाबाई आणि टिळक दांपत्य यांच्यावर, पारखून पाहतात.

गरज आणि हाक

मेट्रनबाई : पाळकसाहेब, शोमरोन्याच्या दाखल्यात देवाची हाक कोठेच ऐकू येत नाही, याकडे उपदेशांतून फारसे लक्ष वेधले जात नाही. यरुशलेमेहून यरीहोकडे उतरणाऱ्या वाटेवर एक माणूस लुटारूंच्या हाती सापडतो आणि अर्धमेला होऊन पडतो. याजक त्याला पाहून बाजूने निघून जातो, लेवीही तसाच जातो, आणि यहुदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत त्या शोमरोन्यांपैकी एकजण थांबतो. या शोमरोन्याला स्वप्न पडलेले नाही की देवदूत दिसलेला नाही. त्याला माणूस दिसला आणि कळवळा आला, इतकेच लूक सांगतो. उलट, याजक आणि लेवी मंदिराच्या सेवेसाठी वेगळे केलेले होते, त्यांच्या पाचारणाविषयी कोणालाच शंका नव्हती, आणि तेच दोघे पुढे गेले. मग गरज हेच पाचारण, असे म्हणायला हरकत कोणती?

पाळक : हरकत अशी की याजकाने आणि लेव्यानेही तोच माणूस पाहिला होता. दिसलेली गरज आपोआप हाक होत असती, तर तिघेही थांबले असते. शिवाय गरजांना अंत नसतो, आणि सगळ्याच गरजा सारख्याच हक्काने बोलावू लागल्या तर माणूस एक तर थकून बसतो किंवा आपल्याला आवडणाऱ्या माणसांच्या गरजा निवडून त्यांनाच सेवा म्हणू लागतो. योना संदेष्ट्याला देवाने निनवेला जायला सांगितले, तेव्हा त्याला निनवेची गरज ठाऊक नव्हती असे नाही. पण निनवे शत्रूचे शहर होते, म्हणून तो उलट दिशेच्या जहाजात चढला. त्याच्या स्वतःच्या कळवळ्यावर सोपवले असते तर निनवेकर त्याचे शेजारी कधीच झाले नसते. मनाला जे शेजारी नको असतात, त्यांच्या दाराशी माणसाला नेऊन उभे करते ते पाचारण.

मेट्रनबाई : तरीही योनाची गोष्ट तेथे संपत नाही. दुसऱ्या वेळी त्याने आज्ञा पाळली, निनवेत जाऊन संदेश दिला, लोक पालटले, आणि त्यानंतर तो शहराबाहेर रुसून बसला. सावली देणारे एक झुडूप वाळले याचे त्याला दुःख झाले, पण एक लाख वीस हजार माणसे वाचली याचा आनंद झाला नाही. म्हणजे आज्ञापालन पूर्ण आणि प्रीती शून्य असे होऊ शकते, आणि असे आज्ञापालन करणारी माणसे मंडळीत कमी नाहीत.

पाळक : म्हणूनच ते पुस्तक योनाच्या उत्तराने संपत नाही, देवाच्या प्रश्नाने संपते; आज्ञापालन प्रीतीपर्यंत पोहोचेपर्यंत देवाच्या दृष्टीने ते अपुरेच असते, हे मान्य करायला हवे. पण मेट्रनबाई, याची दुसरी बाजूही तुम्हाला अनुभवाने ठाऊक असणार. भाजलेल्या रुग्णाची पट्टी पहिल्या दिवशी बदलताना परिचारिकेला कळवळा असतो. पंधराव्या दिवशी तोच रुग्ण वेदनेने शिव्या देतो, नातेवाईक तक्रार करतात, वॉर्डात दुसरी कोणी नसते, आणि कळवळा आटलेला असतो. त्या दिवशी हात थांबत नाहीत ते कशामुळे?

मेट्रनबाई : शिक्षणामुळे, सवयीमुळे आणि ड्यूटीच्या तक्त्यामुळे. दैवी आवाज ऐकूनच पट्टी बदलायची असे ठरवले तर जखमेत किडे पडतील.

पाळक : तक्ता बांधून ठेवतो तो पाळी संपेपर्यंत. वर्षामागून वर्षे त्याच वॉर्डात परत येण्याचा निर्णय मात्र तक्ता घेत नाही. त्या निर्णयाला मंडळी पाचारण म्हणते. ते प्रत्येक वेळी आवाजाच्या रूपाने येत नाही, पुष्कळदा ते न सोडता येणाऱ्या कामाच्या रूपाने येते.

फुलहॅम ते केडगाव

या टप्प्यावर वाद रमाबाईंकडे वळतो, कारण दोन्ही बाजूंना आपला पुरावा त्यांच्याच जीवनात सापडतो. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले. १८७० च्या दशकातील दुष्काळात तीर्थयात्रा करत फिरणाऱ्या या कुटुंबातील वडील, आई आणि थोरली बहीण यांचा अंत झाला. पुढे कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या, बिपिन बिहारी दास यांच्याशी विवाह, दोनच वर्षांत वैधव्य, १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना आणि १८८३ मध्ये इंग्लंडला प्रयाण, असा त्यांचा प्रवास झाला. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे, त्यांना आश्रय देणाऱ्या अँग्लिकन भगिनीसंघाच्या सान्निध्यात, त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पाळक : रमाबाईंनी आपल्या साक्षीत, म्हणजे विश्वासाच्या प्रवासाच्या जाहीर निवेदनात, या निर्णयाचे एक कारण सांगितले आहे. वाँटेजच्या भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे नेले. तेथे समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी निवारा चालवला जात होता, आणि त्या स्त्रियांना माणूस म्हणून वागवले जात असल्याचे रमाबाईंनी प्रत्यक्ष पाहिले. हे कशामुळे घडते असे त्यांनी विचारल्यावर एका भगिनीने त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातील, विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. शास्त्रांच्या एवढ्या मोठ्या अभ्यासकाला ख्रिस्ताची ओळख पटली ती अशा ठिकाणी. पुढे केडगावच्या मुक्तिसदन या आपल्या संस्थेत त्यांनी अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ काढले, त्याचे बीज तेथे पडले. पाचारण आधी आणि सेवा नंतर, हा क्रम यात दिसत नाही का?

मेट्रनबाई : क्रम तर उलटाच दिसतो. फुलहॅममध्ये आधी सेवा दिसली, मग ख्रिस्ताचे नाव ऐकू आले. आणि त्याच्याही मागे दुष्काळ होता. मरणाच्या दारी असलेल्या आईसाठी शेजारणीकडे बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला गेलेल्या तरुण रमाबाईंच्या तोंडून लाजेने शब्द फुटेना, ही आठवण त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिकडे गेल्या आणि भुकेल्या, बेवारस मुली घेऊन आल्या, कारण भूक म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते. शेजारणीच्या दारात उभे राहिलेल्या माणसालाच शेजारधर्म कळतो.

पाळक : १८७० च्या दशकातील त्या दुष्काळातून वाचलेली माणसे लाखोंनी होती, आणि बहुतेकांनी ती आठवण विसरण्याचाच प्रयत्न केला, त्यात त्यांचा दोषही नाही. रमाबाईंनी मात्र सुमारे तीनशे मुली आणल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना पुण्यात ठेवता येईना, तेव्हा दौंडजवळच्या केडगावात घेतलेल्या जमिनीवर त्यांची व्यवस्था केली. पुण्याच्या प्लेगच्या दवाखान्यात स्त्रियांच्या वाट्याला येणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्यांनी १८९७ मध्ये वृत्तपत्रातून सरकारला जाबही विचारला. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर केडगावची संख्या दोन हजारांच्या घरात गेली, आणि त्या सर्वांसाठी शेती, विणकाम, छापखाना, शाळा उभी राहिली. रमाबाईंची कन्या मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकून आल्या आणि अंध मुलींना वाचता येऊ लागले. वेदनेची आठवण माणसाला हेलावून सोडते. ती आठवण आयुष्यभराची जबाबदारी व्हायला मात्र कोणाला तरी ‘हो’ म्हणावे लागते, आणि रमाबाईंनी ते देवाला म्हटले.

मेट्रनबाई : येथे एक गोष्ट कबूल करावी लागेल. शोमरोन्यानेही केवळ जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतून भागवले नाही. त्याने त्या माणसाला उतारशाळेत नेले, रात्रभर सांभाळले, दुसऱ्या दिवशी दोन दीनार मोजले आणि आणखी खर्च झाल्यास परत येताना फेडण्याचे वचन दिले. परत येण्याचे वचन कळवळ्यात बसत नाही; ते बांधिलकीत बसते. मात्र ज्याने त्यानंतरचे सारे दिवस जखमा धुतल्या तो उतारशाळेचा रखवालदार होता, आणि त्याच्याविषयी कोणी उपदेश करत नाही. केडगावच्या रसोड्यात, विहिरीवर आणि रुग्णांच्या खोलीत राबलेल्या ज्या स्त्रियांची नावे कोठेच नोंदली गेली नाहीत, त्यांनाही पाचारण झाले होते असे मंडळी म्हणणार असेल, तरच हा शब्द मान्य करता येईल.

पाळक : तसे म्हटलेच पाहिजे.

कोणाची आज्ञा?

मेट्रनबाई : मग दुसरा प्रश्न असा की देवाची आज्ञा माणसाला कळते कोणाकडून? इतिहासात देवाच्या आज्ञेच्या नावाखाली माणसांच्याच आज्ञा खपवल्या गेल्या आहेत, आणि त्यांचा भार सर्वांत जास्त स्त्रियांवर पडला आहे.

पाळक : या प्रश्नाचेही उत्तर रमाबाईंच्या चरित्रात आहे. बाप्तिस्म्यानंतर त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकत आणि शिकवत असताना त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावे की नाही, असा प्रश्न निघाला. मुंबई आणि लाहोर येथील बिशपांनी विरोध केला. त्रैक्यासारख्या सिद्धान्तांवर, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिन्ही मिळून एकच देव या शिकवणुकीवर, रमाबाई वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांना पत्रांतून प्रश्न विचारत राहिल्या, तेव्हा त्यांना नम्रतेचा आणि आज्ञाधारकपणाचा उपदेश करण्यात आला. रमाबाईंची भूमिका अशी होती की एका पुरोहितवर्गाच्या अधिकाराखालून मोठ्या कष्टाने बाहेर पडलेल्या व्यक्तीने सदसद्विवेकबुद्धी गहाण टाकून दुसऱ्या पुरोहितवर्गाच्या अधिकाराखाली जाऊ नये. देवाचे ऐकायचे म्हणूनच त्यांनी धर्माधिकाऱ्यांचे सगळेच ऐकले नाही.

मेट्रनबाई : म्हणजे पाचारण प्रत्येकाच्या अंतःकरणाचा खाजगी मामला झाला. कोणीही उठून आपल्याला हाक आली असे म्हणेल, मग ती खरी की भ्रम, हे ठरवायचे कोणी?

पाळकांना या प्रश्नाचे उत्तर तत्काळ देता आले नाही, आणि संवादाचा खरा पेच येथेच आहे. धर्मसंस्थेचा शिक्का पुरेसा नसेल आणि अंतःकरणाची साक्षही एकटी पुरेशी नसेल, तर पाचारणाला तिसरी कोणती तरी कसोटी असली पाहिजे. ती शोधण्यासाठी त्यांनी असे दोन प्रसंग हाती घेतले, ज्यांत आज्ञापालनामुळे इतरांना धक्का बसला होता.

उघडे दार

रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ ‘शारदासदन’ ही मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठीची निवासी शाळा उघडली आणि पुढच्याच वर्षी ती पुण्यात आणली. अमेरिकेत स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनच्या पैशावर चालणारी ही संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, कोणावर ख्रिस्ती शिकवण लादली जाणार नाही आणि कोणाला स्वधर्माच्या आचारापासून अडवलेही जाणार नाही, असे ठरले होते. रमाबाई स्वतः मात्र दररोज प्रार्थना करत, खोलीचे दार उघडे असे, आणि काही मुली आत येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने कडाडून टीका केली, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक १८९३ मध्ये सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि अनेक पालकांनी मुलींना परत नेले.

पाळक : ज्या व्यक्तीला ख्रिस्तामध्ये मुक्ती सापडली तिने दार लावून, लपून प्रार्थना करावी, ही मागणी अन्यायाची होती. दोन वर्षांपूर्वीच, १८९१ च्या सुमारास, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण प्रत्यक्ष ख्रिस्त सापडला नव्हता, अशी जाणीव त्यांना झाली होती. त्यानंतरच्या रमाबाईंना मौन पाळणे म्हणजे आज्ञाभंग वाटणे स्वाभाविक होते.

मेट्रनबाई : दार उघडे ठेवण्याचा हक्क त्यांना होता, यात वाद नाही. वाद असा की आत येणाऱ्या मुलीला कितपत मोकळीक होती. केशवपन झालेली, माहेर आणि सासर दोन्ही तुटलेली बारा-चौदा वर्षांची मुलगी, जिच्या दोन वेळच्या जेवणाची आणि शिक्षणाची सोय एकाच व्यक्तीच्या हातात आहे, ती त्या व्यक्तीच्या प्रार्थनेत जाऊन बसते, तेव्हा तिला देव खेचतो की ऋण, हे तिला तरी सांगता येईल का? रुग्णालयातही हीच अडचण येते. औषध देणारा हातच जेव्हा धर्मपुस्तक पुढे करतो, तेव्हा घेणारा ‘नको’ म्हणू शकतो की नाही, याची काळजी देणाऱ्यानेच वाहिली पाहिजे. अन्यथा शेजारी हा प्रीतीचा विषय न राहता संख्येचा विषय होतो.

पाळक : ही काळजी रास्त आहे, आणि मिशनच्या इतिहासात ती नेहमीच वाहिली गेली असे म्हणता येणार नाही. शारदासदनात मात्र ‘नको’ म्हणता येत होते, याची एक साक्षीदार आहे. शारदासदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी हिने रमाबाईंच्या छत्राखाली शिक्षण घेतले, धर्म बदलला नाही, आणि १८९३ मध्ये, ज्या वर्षी हे वादळ उठले त्याच वर्षी, धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. पुढे आनंदीबाई कर्वे म्हणून ती विधवांच्या शिक्षणाच्या कार्यात उभी राहिली आणि ‘माझे पुराण’ या आत्मकथनात तिने त्या दिवसांविषयी लिहिले. ज्या प्रीतीतून मिळालेले शिक्षण घेऊन माणूस आपल्या वेगळ्या वाटेने जाऊ शकतो, ती प्रीती सापळा नव्हती.

मेट्रनबाई : गोदूबाईंची साक्ष मान्य आहे, कारण ती गोदूबाईंची आहे. दुष्काळातून आलेल्या अगदी लहान मुलींनी मात्र काय म्हटले असते ते सांगायला त्यांतील बहुतेकींकडे लेखणी नव्हती. त्यांच्या वतीने रमाबाईंना दोष देणे किंवा त्यांच्या वतीने समाधान मानणे, दोन्ही सारखेच उतावळेपणाचे ठरेल.

सर्वांत जवळचा शेजारी

यानंतर मेट्रनबाईंनी वादाचा रोख घराकडे वळवला. कवी नारायण वामन टिळक यांच्या हाती रेल्वेच्या प्रवासात एका सहप्रवाशाकडून नवा करार आला, डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाचा ताबा घेतला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला; पत्नी लक्ष्मीबाई यांना त्यांनी या निर्णयात सहभागी करून घेतले नव्हते. लक्ष्मीबाई मुलासह नातेवाइकांच्या आधाराने काही वर्षे वेगळ्या राहिल्या. नंतर त्या पतीकडे आल्या आणि पुढे स्वतःच्या विचाराने त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

मेट्रनबाई : त्या काळच्या ब्राह्मण घरातील स्त्रीचा पती ख्रिस्ती झाला की ती सवाष्णही राहत नसे आणि विधवाही ठरत नसे, तिचे स्वयंपाकघर, सोवळे, सणवार, माहेरपण सगळेच एका रात्रीत संशयास्पद होत असे. टिळकांना पाचारण झाले, त्याची किंमत लक्ष्मीबाईंनी दिली, आणि ती देण्यापूर्वी त्यांना कोणी विचारले नाही. मार्काच्या सातव्या अध्यायात येशूने अशा लोकांची कठोर कानउघाडणी केली आहे, जे आईबापांच्या उपयोगी पडणारे धन ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेले, असे जाहीर करून त्यांना वाऱ्यावर सोडत. देवाच्या नावाने जवळच्या माणसाचे देणे बुडवणे, याचेच नाव कुर्बान.

पाळक : पण त्याच येशूने, आईबापांवर किंवा मुलांवर आपल्यापेक्षा अधिक प्रीती करणारा आपल्याला योग्य नाही, असेही सांगितले, आणि बापाला पुरून येऊ द्यावे असे म्हणणाऱ्यालाही थांबू दिले नाही. ही वचने काढून टाकून ख्रिस्ती जीवन उरत नाही. कुर्बान म्हणणारा माणूस देवाच्या नावाने स्वतःचे वाचवत होता. टिळकांनी प्रतिष्ठा, नातीगोती, सगळेच घालवले. जो स्वतःही सर्वस्व देतो त्याच्या आज्ञापालनाला ढोंग म्हणता येत नाही.

मेट्रनबाई : ढोंग कोणीच म्हणत नाही. पण स्वतःचे सर्वस्व देण्याचा अधिकार असणे आणि दुसऱ्याचे सर्वस्व न विचारता देऊन टाकण्याचा अधिकार असणे, यांत फरक आहे. पाळकसाहेब, लूकाच्या दाखल्यातील जखमी माणूस अनोळखी होता, म्हणून त्याच्याकडे चटकन लक्ष जाते. घरातील माणूस मात्र आपल्याच आज्ञापालनामुळे जखमी झालेला असतो, आणि त्याला शेजारी म्हणायला जीभ अडखळते.

यावर पाळकांनी जे सांगितले त्याने संवादाला निर्णायक वळण दिले. पाचारण खरे असणे आणि ते पाळण्याची पद्धत निर्दोष असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे त्यांनी मान्य केले. देवाने टिळकांना बोलावले असे मानले, तरी पत्नीला अंधारात ठेवण्याची आज्ञा देवाने दिली असे त्यातून निघत नाही, आणि हाकेच्या पवित्रतेचे पांघरूण त्या चुकीवर घालता येत नाही. मग त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ची आठवण करून दिली. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथनात लक्ष्मीबाईंनी ताटातुटीचे दुःख लपवलेले नाही आणि पतीचा तापटपणाही झाकलेला नाही. पण त्याचबरोबर टिळकांचा भोळेपणा, घरातले उचलून गरजवंताला देऊन टाकण्याची त्यांची सवय आणि त्यांचा निरागस विश्वासही तितक्याच मोकळेपणाने रंगवला आहे. टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांच्या मृत्यूनंतर लक्ष्मीबाईंनीच पूर्ण केले. टिळकांच्या पाचारणाविषयी टिळकांनी दिलेल्या ग्वाहीपेक्षा ज्यांना त्याची झळ लागली त्या लक्ष्मीबाईंची साक्ष अधिक वजनदार ठरते, कारण त्यांना खोटी स्तुती करण्याचे कारण नव्हते, आणि सूड घेण्याची इच्छा असती तर साधन हातात होते.

जखमी माणसाची साक्ष

या साक्षीच्या प्रकाशात दोघे पुन्हा लूकाच्या दहाव्या अध्यायाकडे आले. दाखल्याआधी एका नियमशास्त्र्याने येशूला विचारलेला प्रश्न असा होता की आपला शेजारी कोण. म्हणजे त्याने स्वतःला मध्यभागी ठेवून, आपली जबाबदारी कोठपर्यंत पोहोचते एवढेच मोजायला घेतले होते. दाखला सांगून झाल्यावर येशूने उलट विचारलेल्या प्रश्नात मध्यबिंदू बदललेला आहे : लुटारूंच्या हाती सापडलेल्या त्या माणसाचा शेजारी या तिघांपैकी कोण झाला? याजकाला काय वाटले, लेव्याने कोणत्या नियमाचा विचार केला, शोमरोन्याची उपासनापद्धती शुद्ध होती की नाही, यांपैकी काहीही तेथे विचारले जात नाही. निवाडा द्यायचा आहे तो धुळीत पडलेल्या माणसाच्या जागेवरून.

मेट्रनबाई : पाचारणाची जी तिसरी कसोटी सापडत नव्हती ती हीच म्हणावी लागेल. हाक खरी होती की नाही हे हाक ऐकणाऱ्याला विचारून पुरत नाही. ती पाळल्यामुळे ज्यांच्या आयुष्यात बदल झाला त्यांना विचारले पाहिजे.

पाळक : योहानाच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय हेच शिकवतो की न दिसणाऱ्या देवावरील प्रीती दिसणाऱ्या भावावरील प्रीतीवरून ओळखावी. मात्र त्यात एक भर घालावी लागेल. जखमी माणूस निवाडा करतो, पण वाटेवर कोणी थांबलेच नाही तर निवाडा करायला तो जिवंत राहत नाही. थांबण्याचे आणि परत येण्याचे बळ कळवळ्याच्या पलीकडून यावे लागते. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातील स्त्रीला कळेल अशा सोप्या मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर हाती घेतले. १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या, तरीही ते काम थांबले नाही, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवण्यापूर्वी त्यांनी ते पूर्णत्वास नेले. एकुलत्या मुलीच्या मृत्यूनंतर गरज दिसत राहिली म्हणून कोणी असे काम करत राहत नाही. कोणाला तरी दिलेला शब्द असतो म्हणून करत राहते.

मेट्रनबाईंनी हे मान्य केले, आणि संवाद येथे थांबला. पाचारण आणि शेजाऱ्यावरील प्रीती यांत आधी कोणते, या प्रश्नाचे सर्वांना लागू पडेल असे उत्तर त्यातून निघाले नाही, कारण रमाबाईंच्या एकाच आयुष्यात दोन्ही क्रम सापडतात. निघाले ते एवढे की या दोहोंची कामे वेगळी आहेत : शेजाऱ्याची गरज हाकेला दिशा देते, हाक त्या दिशेने चालत राहण्याचे बळ देते, आणि चालणे योग्य झाले की नाही याचा निर्णय पुन्हा शेजाऱ्याकडे जातो. या तिसऱ्या पायरीकडे ख्रिस्ती मंडळीने सर्वांत कमी लक्ष दिले आहे. सेवासंस्थांच्या वार्षिक अहवालांत किती जणांना अन्न, औषध आणि शिक्षण दिले याची मोजदाद असते. घेणाऱ्यांना काय वाटले, कोणाला मिंधेपण आले, कोणाला ‘नको’ म्हणायचे होते आणि म्हणता आले नाही, याची नोंद क्वचितच असते. उपासनेत साक्ष द्यायला उभा राहतो तो बहुधा सेवा करणारा. ज्याची सेवा झाली आणि जो या सेवेच्या पायी घरात एकटा पडला, त्यांना त्या व्यासपीठावर जागा नसते.

ही जागा करून देणे हे परोपकाराचे नव्हे, आज्ञापालनाचेच काम आहे. आपल्याला देवाने बोलावले आहे असे ज्याला वाटते, त्या प्रत्येकाने, तो पाळक असो, परिचारिका असो की घरदार सोडून निघालेला सेवक असो, ज्यांच्यासाठी आणि ज्यांच्या जिवावर तो निघाला त्यांचे ऐकून घेण्याची तयारी ठेवली पाहिजे, आणि त्यांनी दुखावल्याचे सांगितले तर देवाचे नाव पुढे न करता नुकसान भरून द्यायला बसले पाहिजे. असे केल्याने पाचारण लहान होत नाही. शेजाऱ्याच्या साक्षीला सामोरे जाण्याची हिंमत असलेले पाचारणच देवाकडून आलेले आहे असे मानायला आधार मिळतो.